घाट चढण्याआधी रक्त तपासून घ्या

आम्ही सातजण. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत राहणारे. त्यात महापालिकेत झाडणकाम करणारे एक काका आहेत, धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या दोन ताई आहेत, एक रिक्षावाले दादा आहेत, बारावीला बसलेली एक मुलगी आहे आणि पोलीस भरतीची तयारी करणारे दोन तरुण आहेत. गेल्या सप्टेंबरात आम्ही साताऱ्याला जाऊन डोंगरावरची अर्धमॅरेथॉन धावून आलो. सहा पूर्ण करून आले, एक अर्ध्यातून परतला. हा लेख मुख्यतः त्या सातव्यासाठी आहे. त्यानंच सांगितलं, नाव घालू नका, पण गोष्ट लिहा.

सुरुवात काकांपासून झाली. आमच्या विहारात आरोग्य शिबिर झालं तेव्हा काकांचं बीपी १६० च्या वर निघालं. डॉक्टर म्हणाले, गोळी चालू करा, मीठ कमी करा आणि रोज चाला. काका म्हणाले, अहो डॉक्टर, मी पहाटेपासून दुपारपर्यंत चालतोच की, झाडू घेऊन. डॉक्टर म्हणाले, ते काम झालं. आता स्वतःसाठी चाला. एकट्यानं चालायला काकांना लाज वाटायची, म्हणून आम्ही दोघं-तिघं बरोबर जाऊ लागलो. पहाटे साडेपाचला पर्वतीच्या पायऱ्या. मग आणखी चौघं आले.

पर्वतीची टेकडी आपल्या माणसांना नवी नाही. १३ ऑक्टोबर १९२९ ला याच पायऱ्यांवर आपले लोक मंदिर प्रवेशाच्या सत्याग्रहासाठी उभे राहिले होते. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज पुढे होते. दगड आले, शिव्या आल्या, दार उघडलं नाही. आम्हाला आज त्या देवळात जायची गरज वाटत नाही, पण त्या पायऱ्यांवर आपल्याला आता कुणी अडवत नाही, हे पहाटे चढताना आठवतं. आमच्या बारावीच्या मुलीला हा इतिहास माहीत नव्हता. तिला तो शाळेच्या पुस्तकातून नाही, काकांकडून कळला, तोही चढता चढता, दम खात.

पायऱ्यांवरून तळजाईकडे, तिथून पुढे रविवारी सिंहगडापर्यंत मजल गेली. मग रिक्षावाले दादा बातमी घेऊन आले की साताऱ्याला दरवर्षी डोंगरावर धावायची स्पर्धा असते. २०१२ पासून चालू आहे. अंतर २१ किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. अर्धी वाट चढ, मग त्याच वाटेनं परत. दादांनी नुसतं सातारा म्हटलं आणि आमचं ठरलंच. बाबासाहेबांच्या लहानपणाचं गाव ते.

पैशाचं आधी सांगतो, कारण वस्तीत पहिला प्रश्न तोच येतो. अशा मोठ्या स्पर्धांची फी आपल्या खिशाला जड असते, आणि त्यावर प्रवास, बूट. आम्ही सातजणांनी चार महिने भिशी लावली. बुटांसाठी मात्र फसलो. जुन्या बाजारात रविवारी जाऊन चांगल्या कंपनीचे वापरलेले बूट स्वस्तात आणले. दिसायला नवे, पण तळवा एका अंगाला झिजलेला. ज्यानं आधी वापरले त्याची चाल वेगळी, आपली वेगळी. एका ताईचा गुडघा त्यामुळेच महिनाभर दुखला. आमचं मत असं की जुना शर्ट घ्या, जुनी सायकल घ्या, पण धावायला दुसऱ्याचे बूट घेऊ नका. साधे, स्वस्त, पण नवे घ्या. फी भरून धावलंच पाहिजे असंही काही नाही. पर्वती फुकट आहे, तळजाई फुकट आहे. आम्ही गेलो ते साताऱ्यासाठी.

आदल्या दिवशी स्वारगेटवरून एसटीनं गेलो. आधी माता भीमाईंच्या स्मारकाला वंदन केलं. मग राजवाड्याजवळच्या त्या शाळेच्या दारात जाऊन उभे राहिलो. ७ नोव्हेंबर १९०० ला भिवा रामजी आंबेडकर या नावानं बाबासाहेब तिथं दाखल झाले. रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर १९१४ आहे. तोच दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. आमची बारावीची मुलगी बराच वेळ तिथून हलेना. दुसऱ्या दिवशी छातीवर लावायचा स्पर्धेचा नंबर तिच्या पिशवीत होता. तो काढून बघत म्हणाली, माझा नंबर यांच्यापेक्षा मोठा आहे. सगळे हसलो, आणि हसता हसता ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

रात्री दादांच्या आत्याकडे मुक्काम. आत्यांनी पाहुणचार म्हणून मटणाचा झणझणीत रस्सा केला. नाही कसं म्हणायचं? पहाटे चारला घरातल्या एका संडासापुढे सात जणांची रांग लागली. धावण्याच्या आदल्या रात्री वरण-भात, भाकरी-भाजी असं नेहमीचंच खावं, तिखट-तेलकट टाळावं, हे आम्ही अशा रीतीनं शिकलो.

स्पर्धा सुटली तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. ढोल, लेझीम, बाया ओवाळायला उभ्या. आपल्याला इतकी माणसं टाळ्या वाजवतात ही गोष्टच नवीन. त्या भरात आम्ही गावातली पहिली तीन-चार किलोमीटर जी पळालो ती पर्वतीवर कधी पळालो नव्हतो. समर्थ मंदिर गेलं, बोगदा गेला आणि यवतेश्वरचा घाट लागला. तिथं सगळा भर उतरला.

चढावर शरीराला सपाटीपेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू लागतो, कारण प्रत्येक पावलाला आपण आपलं सगळं वजन वर उचलत असतो. वेग तोच ठेवला तर हृदय आणि फुप्फुसं मागे पडतात. आपण कुठवर आलो हे ओळखायची सोपी रीत आहे. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलून बघा. बोलता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग कमी करा, चाला. चढावर चालण्यात लाज नाही. आमचे काका सुरुवातीपासून एकाच चालीत होते. घाटात ते आम्हा सगळ्यांना मागे टाकून गेले, आणि जाताना वळून म्हणाले, पोरांनो, गाडा ढकलताना कुणी पळतं का?

उताराचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पर्वतीवरून आम्ही नेहमी गप्पा मारत, रमत उतरायचो. त्यामुळे चढाचा सराव झाला, उताराचा झालाच नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकसारखं काम करतात, त्यात ते बारीक बारीक फाटतात. धावताना कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. पुण्यात परतल्यावर एका ताईंना कामाच्या घरी तीन मजले पाठमोरं उतरावं लागलं. मालकीणबाई विचारत होत्या, काय झालं? ताई म्हणाल्या, मॅरेथॉन झाली. मालकीणबाईंना खरं वाटलं नाही.

आता मुख्य गोष्ट.

आमच्यातला भरतीची तयारी करणारा एक पोरगा, वय २२, आमच्यात सगळ्यात जोरदार. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, त्यात तो पटाईत. साताऱ्यात तो गावातूनच पुढे निघून गेला होता. घाटात आठव्या किलोमीटरच्या आसपास आम्ही त्याला गाठलं, तेव्हा तो कठड्याला धरून उभा होता. म्हणाला, गोळा आलेला नाही, पण पायात जीवच राहिला नाही. पाठ दुखते. आम्ही त्याची मांडी दाबून बघितली, मऊ होती. गोळा आला की स्नायू दगडासारखा घट्ट होतो, तसं नव्हतं. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. आम्ही काय म्हणालो? म्हणालो, थांबू नको, थांबलास की संपलास. जय भीम म्हण आणि चल. तो उठला, दोन-तीनशे मीटर गेला आणि खाली बसला. शुद्धीवर होता, बोलत होता, पण उभं राहता येईना. स्वयंसेवकांनी त्याला पुढे जाऊ दिलं नाही. रुग्णवाहिका आली. पडून राहायला लावलं, प्राणवायू लावला, सलाईन दिलं. तासाभरानं रंग परत आला.

तिथल्या डॉक्टरांनी त्याला एक प्रश्न विचारला जो आम्हाला कधी सुचला नसता. तुमचं मूळ गाव कुठलं? तो म्हणाला, आजोबा भंडाऱ्याकडचे, वडील कामासाठी पुण्याला आले. डॉक्टर म्हणाले, पुण्यात गेल्यावर सिकलसेलची तपासणी करून घ्या. केली. पहिली साधी चाचणी आली, मग पक्की करणारी इलेक्ट्रोफोरेसिस. अहवालात एएस असं आलं. म्हणजे तो सिकलसेलचा वाहक आहे.

विदर्भातून पुण्यात आलेली आपली घरं वस्तीवस्तीत आहेत, म्हणून हे नीट सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात, लवचिक असतात. सिकलसेल आजारात त्या पेशी प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आई आणि वडील दोघांकडून हा गुण आला तर तो आजार. हाडं-सांधे दुखतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे पडतात. एकाकडूनच आला तर माणूस वाहक. वाहक हा रोगी नसतो. तो जन्मभर धडधाकट राहतो, बहुतेकांना पत्ताही लागत नाही. मात्र अतिशय श्रम, ऊन, पाण्याची कमतरता आणि डोंगराची चढण हे सगळं एकदम आलं तर वाहकाच्याही पेशी वाकू शकतात. मग स्नायूंना रक्त मिळत नाही, ते मरू लागतात, त्यातून निघालेली द्रव्यं किडनीत अडकतात. हे जिवावर बेतू शकतं. असा माणूस बसला असताना त्याला ‘ऊठ, चल’ म्हणणं म्हणजे आम्ही केलं ते. आम्हाला ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

म्हणून धावणाऱ्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं. गोळा न येता पायातला जीव गेला, पाठ-मांडी भरून आली, तर तिथंच थांबायचं, सावलीत आडवं व्हायचं, पाणी घ्यायचं. लवकर बरं वाटलं नाही तर दवाखाना. नंतर लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली तर घरी बसायचं नाही, त्याच तासाला मोठ्या सरकारी रुग्णालयात जायचं. छातीत दुखणं, डाव्या हातात कळ, डोळ्यापुढे अंधारी यालाही हेच. भरतीच्या मैदानावर धावताना पोरं कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि म्हणतो, उपाशी असेल, ऊन लागलं असेल. असेलही. पण किती जणांचं रक्त कधी तपासलं होतं?

अहवाल घेऊन आम्ही पोराच्या आईकडे गेलो. त्या माउली बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, माझी धाकटी बहीण अशीच होती. हाडं दुखतात म्हणून रात्र रात्र रडायची, डोळे पिवळे व्हायचे. गावात म्हणायचे हिला बाहेरचं झालंय. अंगारे झाले, धागे झाले. सोळाव्या वर्षी गेली. ‘तेव्हा कुणी रक्त बघितलं असतं तर?’ असं त्यांनी आम्हाला विचारलं. आम्ही काय सांगणार?

आपण १९५६ साली अंगारे-धुपारे सोडले म्हणतो. सोडलेही. पण त्या जागी तपासणी आली का, हा आमचा प्रश्न आहे. लग्न जमवताना आपण पत्रिका बघत नाही, याचा अभिमान आहे. मग मुला-मुलीचं रक्त बघायला काय हरकत? दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे आधी कळलं तर डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. लग्न मोडा असं आम्ही म्हणत नाही, आणि वाहक निघालेल्या मुलीकडे बोट दाखवणाऱ्यांना तर आम्ही उभंही करणार नाही. हा गुण कुणाच्या वागण्यानं येत नाही, जातीचा कलंक नाही, संसर्ग नाही. जगात जिथं जिथं मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या होता तिथं तो सापडतो, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणजे कोणे एके काळी या गुणानंच आपल्या पूर्वजांना जगवलं आहे.

केंद्र सरकारनं जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. तिचा भर आदिवासी भागांवर आहे, ते योग्यच आहे. पण त्यामुळे पुण्यातल्या वस्तीत कुणी दार वाजवायला येणार नाही. आपल्यालाच सरकारी दवाखान्यात जाऊन विचारावं लागेल. आम्हाला एका ठिकाणी सांगितलं, इथं होत नाही, तिकडे जा. तिकडे म्हणाले, सोमवारी या. सोमवारी गेलो. रोजंदारी बुडवून दोन खेपा झाल्या, हे लिहायला हवं, म्हणजे तुम्ही गेलात की पहिल्या ‘नाही’वर परत फिरणार नाही.

रक्ताचा विषय निघाला आहे तर ताईंचंही सांगतो. शिबिरात दोघींपैकी एकीचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं होतं. बाईचं किमान १२ हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या आकड्यांप्रमाणे महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिनच कमी, तर जिना चढताना धाप लागणारच. आपण म्हणतो, वय झालं. ताई छत्तीस वर्षांच्या! लोहाच्या गोळ्या त्यांना आधीही मिळाल्या होत्या. त्या घ्यायच्या आणि वर चहा प्यायच्या. चहानं लोह अंगी लागत नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तास-दोन तासांनी. शौच काळी होते, त्याला घाबरू नये. मळमळलं तर जेवणानंतर घ्यावी, पण सोडू नये. तीन-चार महिन्यांत त्या ११ च्या वर आल्या, तेव्हाच आम्ही त्यांना घाटात यायला हो म्हटलं. त्यातलं निम्मं श्रेय गोळीचं आणि निम्मं या गोष्टीचं, की त्या आता सकाळी कामाला जायच्या आधी जेवतात. सगळ्यांचं उरकून अकराला खायची सवय त्यांनी मोडली. घरात थोडी कुरकुर झाली. होऊ द्या.

आपल्या पोरांना मोबाईलवर सारखे ते जिद्दीचे व्हिडिओ दिसतात. रक्त येईपर्यंत पळ, मरेपर्यंत थांबू नको. आम्हाला हे पटत नाही. सोण भिक्खूची गोष्ट विहारात आपण ऐकली आहे. चालता चालता त्याच्या पायांतून रक्त आलं, तरी तो थांबेना. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारेची आठवण दिली. फार ताणली तरी सूर नाही, फार सैल सोडली तरी नाही. ते पायांबद्दल नव्हतं म्हणाल, पण पायांनाही लागू आहे. साताऱ्याच्याच माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत गेली. पी. टी. उषानंतर बत्तीस वर्षांनी ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत गेलेली ती पहिली भारतीय बाई. अशा खेळाडूमागे प्रशिक्षक असतो, डॉक्टर असतो, आहार बघणारा असतो. आपल्या पोरामागे कोण असतं? मोबाईल. मग निदान आपण तरी त्याच्या मागे उभं राहिलं पाहिजे.

काहींना राग येईल, तरी लिहितो. १४ एप्रिलला एका वस्तीत डीजेवर जो खर्च होतो, त्यातल्या थोड्या भागात त्या वस्तीतल्या सगळ्या तरुणांची हिमोग्लोबिन आणि सिकलसेलची पहिली तपासणी होईल. डीजे बंद करा असं म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, म्हणून तेवढं म्हणत नाही. एक स्पीकर कमी लावा.

पोरगा आता बरा आहे. डॉक्टरांनी त्याला धावायला बंदी केलेली नाही. हळूहळू वाढव, उन्हात नको, तापात नको, पाणी पीत राहा, आणि पायातला जीव गेल्यासारखा वाटला की थांब, एवढंच सांगितलं. भरतीचा सराव चालू आहे. पर्वतीच्या पायथ्याला रविवारी त्याची आई पाण्याची बाटली घेऊन बसलेली असते. मीठ-साखरेचं पाणीही तिनंच करायला शिकून घेतलं, कारण तास-दोन तासांच्या घामानंतर नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही.

विहारातल्या वहीत आम्ही तपासणीची यादी सुरू केली आहे. आजपर्यंत ४१ नावं आली. तीन घरांनी दार लावून घेतलं, त्यातल्या एका घरात यंदा मुलीचं लग्न आहे. त्यांची भीती आम्हाला समजते. येत्या रविवारी काका आणि दोन्ही ताई त्या घरी पुन्हा जाणार आहेत, चहाला म्हणून.